रांधणाऱ्याचा रस : संध्याकाळच्या स्वयंपाकाविषयी काही विचार

१

आपल्या साहित्यविचाराने स्वयंपाकघराकडून पुष्कळ शब्द उसने घेतले आहेत. रस, रुची, आस्वाद, चर्वणा, परिपाक हे शब्द शास्त्रातले. लेख खमंग झाला, विनोद पचला नाही, शैली चांगली मुरली आहे, हे नित्याच्या बोलण्यातले. या शब्दांचा एकत्र विचार केला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतील बरेचसे शब्द खाणाऱ्याच्या बाजूचे आहेत. पदार्थ जिभेवर आल्यानंतर जे घडते ते सांगण्यास ते समर्थ आहेत. चुलीपुढे असलेल्या माणसाला पदार्थ होत असताना काय वाटते, हे सांगणारा शब्द मात्र शास्त्राने उसना घेतलेला दिसत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हा राहून गेलेला अनुभव आहे. त्यातही त्याचे एक विशिष्ट रूप येथे विचारात घ्यावयाचे आहे. दिवसभराचे काम, मग ते शेतातले असो, कारखान्यातले असो की कचेरीतले, आटोपून घरी आलेल्या माणसाने संध्याकाळी स्वतः रांधावे आणि त्या रांधण्यात त्यास सुख वाटावे, असे पुष्कळदा घडते. ज्यांनी हे सुख घेतले आहे त्यांना त्याच्या अस्तित्वाविषयी शंका नाही. परंतु ते वाङ्मयात शोधू लागले म्हणजे प्रामुख्याने दोन प्रकारचे लेखन हाती लागते. एका प्रकारात रांधणारी स्त्री अन्नपूर्णा असते आणि तिच्या हातून घरादाराची तृप्ती होते. दुसऱ्यात ती चुलीला जखडलेली असते आणि धुराने तिचे डोळे पाणावलेले असतात. पहिल्या चित्रातील स्त्रीला थकवा येत नाही. दुसऱ्या चित्रातील स्त्रीला आनंद होत नाही. ही दोन्ही चित्रे अपुरी आहेत, असे आमचे मत आहे. रांधणाऱ्याचा आनंद आपल्या विचारातून कोठे निसटला, तो कशात टिकून राहिला आणि त्यास आनंद म्हणण्याचा अधिकार आपणास केव्हा पोहोचतो, या तीन प्रश्नांचा विचार येथे क्रमाने करावयाचा आहे.

२

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरताने रसाची कल्पना स्पष्ट करण्यासाठी अन्नाचा दृष्टांत योजला, हे सर्वश्रुत आहे. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणारे प्रसन्नचित्त पुरुष जसे रसांचा आस्वाद घेतात आणि हर्ष पावतात, तसेच सहृदय प्रेक्षक स्थायी भावांचा आस्वाद घेतात, असा त्या दृष्टांताचा आशय आहे. पदार्थ तयार कसा होतो याचाही उल्लेख तेथे आहे. गूळ आदी द्रव्ये, व्यंजने आणि औषधी यांच्या संयोगाने षाडवादी रस सिद्ध होतात, असे भरत सांगतो. मात्र येथे प्रयोग कर्मणी आहे. रस सिद्ध केले जातात. ते कोणी सिद्ध केले हे वाक्य सांगत नाही. खाणाऱ्यास मन आहे, प्रसन्नता आहे, हर्ष आहे. करणाऱ्यास त्या वाक्यात कर्त्याचे स्थानसुद्धा नाही.

याबद्दल भरतास दोष देण्याचे कारण नाही. त्यास प्रेक्षकाचा अनुभव समजावून द्यावयाचा होता आणि त्यासाठी खाणाऱ्याचा दृष्टांत पुरेसा होता. पुढे भट्टतौताने नायक, कवी आणि श्रोता या तिघांचा अनुभव समान मानला आणि काव्यविचारात निर्मात्यास त्याची जागा मिळाली. दृष्टांत मात्र होता तसाच राहिला. नाटकाच्या बाजूस कवी आला. अन्नाच्या बाजूस आचारी आला नाही. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त पाकाची चर्चा केली आहे आणि कवीच्या अभ्यासाने शब्दार्थांस येणारी पक्वता हा तिचा विषय आहे. येथे तरी चूल दिसेल अशी अपेक्षा असते. परंतु त्याने सांगितलेले पाक द्राक्षाचे, बोराचे, आंब्याचे, नारळाचे आहेत. ही सारी फळे झाडावर किंवा वेलीवर आपोआप पिकणारी आहेत. पाक हा शब्दच मुळी शिजण्याचा आणि पिकण्याचा असा दुहेरी आहे. शास्त्रकाराने त्यातला पिकण्याचा अर्थ घेतला आणि शिजवणाऱ्या हाताची गरज उरली नाही.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' हा ग्रंथ खाद्यपदार्थांच्या इतिहासकारांना प्रिय आहे, आणि ते योग्यच आहे. इडरिका, धोसक यांसारख्या पदार्थांची माहिती त्यात मिळते. परंतु ज्या प्रकरणात ती येते त्याचे नाव 'अन्नभोग' असे आहे. राजाच्या अनेक भोगांपैकी अन्न हा एक भोग होय. आधुनिक मराठीत पु. ल. देशपांडे यांनी 'माझे खाद्यजीवन' लिहिले तेव्हा राजाच्या जागी एक चोखंदळ मध्यमवर्गीय माणूस आला, भोगाच्या जागी विनोद आणि जिव्हाळा आला, आणि मराठी गद्याला एक उत्तम लेख लाभला. तरीही निवेदकाची बैठक ताटासमोरचीच राहिली. खाण्याविषयीच्या आपल्या चांगल्या ललित लेखनाचा मोठा भाग असा पाटावर बसून लिहिलेला आहे.

३

मग चुलीजवळची बाजू पाककृतींच्या पुस्तकांत तरी सापडते काय? या पुस्तकांची गणना आपण वाङ्मयात करीत नाही. ती करावयास हवी, असे आम्हांस वाटते. निदान त्यांची भाषा तरी अभ्यासण्याजोगी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले आणि छापील मराठी पाकग्रंथांत ते अगदी आरंभीच्यांपैकी होय. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० मधले. कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० मध्ये आली. या तीन नावांतच एक प्रवास दिसतो. पहिल्यास शास्त्राचा अधिकार हवा आहे. दुसऱ्याने वाचक कोण हे ओळखले असून तिच्याशी मैत्रीचे नाते जोडले आहे. तिसऱ्याने शास्त्रही सोडले आणि गृहिणीही सोडली. केवळ रुची ठेवली.

मराठी पाककृतीचे रूढ क्रियापद विध्यर्थी आहे. कांदा बारीक चिरावा, तो तांबूस होईपर्यंत परतावा, मग मसाला घालावा, अशी तिची चाल असते. भरताच्या वाक्यातल्याप्रमाणे येथेही कर्ता दिसत नाही. परंतु दोहोंत मोठा भेद आहे. शास्त्रवाक्यात पदार्थ झालेला आहे आणि करणारा विसरला गेला आहे. पाककृतीत पदार्थ अजून व्हावयाचा आहे आणि कर्त्याची जागा वाचणाऱ्यासाठी मोकळी ठेवलेली आहे. ती जागा स्त्रीने घ्यावी की पुरुषाने, हे ते क्रियापद सांगत नाही. चिरावा हे रूप कांद्याच्या लिंगावर ठरते, चिरणाऱ्याच्या नव्हे. प्रस्तावना आणि मुखपृष्ठे काहीही सांगोत, मराठी पाककृतीचे व्याकरण मात्र निःपक्षपाती आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हे विधिवाक्य ऐन मोक्याच्या जागी आपला अधिकार सोडून देते. मीठ चवीप्रमाणे घालावे, पाणी अंदाजाने घालावे, असे ते म्हणते. शास्त्राच्या दृष्टीने ही उणीव होय. रांधणाऱ्याच्या दृष्टीने पाहता, याच ठिकाणी पुस्तक थांबते आणि माणूस सुरू होतो. कालमापनाचेही तसेच. वास सुटेपर्यंत भाजावे, कडेने तेल सुटू लागले की उतरावे, या सूचनांतील घड्याळ नाकात आणि डोळ्यांत असते. 'रुचिरे'ने वाटी आणि चमचा ही घरातली मापे प्रमाण धरली, हे तिच्या यशाचे एक कारण मानले जाते. वाटी लहान असो की मोठी, सर्व जिन्नस तिनेच मोजले की प्रमाण बिघडत नाही. म्हणजे तराजू नसलेल्या, नुकत्याच मांडलेल्या, सासू-आई जवळ नसलेल्या घरातही या पुस्तकाच्या आधारे पदार्थ करता येतो. कुटुंबे लहान होत होती आणि स्त्रिया नोकरीसाठी बाहेर पडत होत्या, त्या काळाला साजेसे हे माप होते. १९५९ पासून भारतात प्रेशर कुकर तयार होऊ लागले आणि पुढे 'तीन शिट्ट्या' हे कालाचे एक नवेच एकक मराठीत रूढ झाले. हे एकक दुसऱ्या खोलीत बसूनही ऐकू येते. संध्याकाळी मुलांचा अभ्यास घेता घेता वरणभाताकडे लक्ष ठेवणाऱ्या माणसाचे ते एकक आहे.

अलीकडे पाककृती वाचण्यापेक्षा पडद्यावर पाहिली जाते, आणि तेथे विध्यर्थ मागे पडून 'आता आपण कांदा घेऊ या', 'हे आपण परतून घेतलेले आहे' अशी भाषा आली आहे. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांस ती सैल वाटते. परंतु दीडशे वर्षांनंतर मराठी पाककृतीत प्रथमपुरुष आला आणि तोही सर्वसमावेशक 'आपण' होऊन आला, ही घटना दुर्लक्षण्यासारखी नाही. एकट्याने रांधणाऱ्या माणसास या 'आपण'ने सोबत दिली आहे.

४

पाकग्रंथांनी कर्त्याची जागा मोकळी ठेवली. त्या जागेवर बसणाऱ्यास काय मिळते ते आता पाहू. यासाठी शास्त्राच्या परिभाषेपेक्षा घरगुती भाषा अधिक उपयोगी पडते. त्या भाषेत निर्मात्याच्या बाजूचे तीन मार्मिक शब्दप्रयोग आहेत.

पहिला शब्द 'जमणे'. आमटी जमली, भाकरी जमली, असे आपण म्हणतो. 'मी आमटी उत्तम केली' असे म्हणणे शिष्टाचारास धरून नाही. परंतु या प्रयोगात केवळ विनय नाही. अनेक गोष्टींचा मेळ बसून एक गोष्ट पुरी झाली, असे त्यात विधान आहे. संध्याकाळच्या स्वयंपाकाच्या सुखाचे पहिले कारण हेच असावे. कचेरीतला कागद आपल्या मेजावरून दुसऱ्याच्या मेजावर जातो. त्याचे पुढे काय झाले ते बहुधा कळत नाही. कारखान्यातला मजूर वस्तूचा एक भाग करतो. पुरी वस्तू त्याच्या हाती येत नाही. शेतकऱ्याने पेरलेले चार महिन्यांनी उगवून हाती यावयाचे, आणि तेही पावसाच्या मर्जीने. याउलट मुगाची खिचडी तासाच्या आत आरंभापासून अंतापर्यंत पोहोचते. डाळ-तांदूळ धुण्यापासून पान वाढण्यापर्यंतची प्रत्येक पायरी एकाच माणसाच्या डोळ्यांदेखत घडते. दिवसभर तुकड्यांत काम केलेल्या माणसास ही अखंडता विसाव्यासारखी वाटते. रांधणे हेही श्रमच आहेत. पण ते पुरे होणारे श्रम आहेत.

दुसरा शब्द 'अंदाज'. ज्वारीच्या पिठात गव्हाच्या पिठासारखा चिवटपणा नसतो. म्हणून ते गरम पाण्यात भिजवून तळहाताने मळावे लागते, आणि पीठ जुने असेल तर भाकरी थापताना कडा चिरतात. किती पाणी, किती मळणे, तव्याची आच किती, वरच्या बाजूस पाणी केव्हा फिरवावयाचे आणि भाकरी केव्हा उलटावयाची, हे निर्णय काही क्षणांत घ्यावे लागतात आणि ते कोणास विचारून घेता येत नाहीत. ज्याने दिवसभर दुसऱ्याच्या हुकमाने काम केले त्यास संध्याकाळी या लहानशा राज्यात स्वतःचा निर्णय चालविता येतो. भाकरी फुगली तर तो निर्णय बरोबर ठरल्याचे लगेच कळते. निर्णय आणि त्याचा निकाल यांच्यात इतके थोडे अंतर असलेली कामे फार नाहीत.

तिसरा प्रयोग 'हाताला चव असणे'. चव पदार्थात असते असे पाकशास्त्र सांगते आणि रसिकाच्या जिभेवर असते असे रसशास्त्र सांगते. मराठी घर मात्र ती करणाऱ्याच्या हातात असते असे म्हणते. शैली म्हणजे काय, याचे याहून नेमके घरगुती लक्षण मिळणे कठीण. महाभारतातील नलोपाख्यानात या कल्पनेचा एक अपूर्व आधार आहे. राज्य गमावलेला, रूप पालटलेला नळ बाहुक या नावाने ऋतुपर्णाचा सारथी झालेला असतो. एका दिवसात अयोध्येहून विदर्भापर्यंत रथ हाकून तो संध्याकाळी कुंडिनपुरास पोहोचतो. तेथे धन्यासाठी अन्न रांधण्याचे कामही त्याच्याकडेच येते. दमयंतीस संशय असतोच. ती केशिनी दासीकरवी त्याने शिजविलेले मांस आणविते, चाखून पाहते आणि हा नळच, असे ओळखते. रूपाने जे लपविले ते चवीने उघड केले. ज्या परंपरेत खाणाऱ्यापुढून करणारा बहुधा नाहीसा होतो, तिच्यात येथे तरी खाणारी व्यक्ती चवीच्या वाटेने करणाऱ्यापर्यंत जाऊन पोहोचते. रसास्वादाच्या दृष्टांतात राहिलेली उणीव या कथेने भरून काढली आहे, असे म्हणावयास हरकत नाही. नळाचे रांधणे हे चाकराचे रांधणे होते, तरी त्याची मुद्रा त्यावर उमटलीच, हेही येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

५

एवढ्यावर हा लेख थांबविला असता तर तो अन्नपूर्णेच्या गुणगानात आणखी एक भर ठरला असता. म्हणून तिसऱ्या प्रश्नाकडे वळणे अवश्य आहे. या आनंदास आनंद म्हणण्याचा अधिकार केव्हा पोहोचतो?

महाभारतातच आणखी एक पात्र आहे, ते म्हणजे वनवासात सूर्याने युधिष्ठिरास दिलेली थाळी. द्रौपदीचे जेवण होईपर्यंत तीतले अन्न संपावयाचे नाही, अशी तिची अट. म्हणजे सर्व जेवून होईपर्यंत द्रौपदीने जेवावयाचे नाही आणि ती जेवली की अन्न संपले. रांधणारीने शेवटी जेवावे या रूढीस याहून मोहक आणि याहून निष्ठुर रूप देता आले नसते. दुर्वास शिष्यांसह येतात तेव्हा ती जेवून बसलेली असते, आणि तिचे जेवणे हाच त्या संकटाचा हेतू ठरतो.

आपल्या संतवाङ्मयात या रूढीस एक वेगळे उत्तर आढळते. नामदेवाच्या बालपणाची कथा प्रसिद्ध आहे: त्याने हट्ट धरला आणि विठ्ठल नैवेद्य जेवला. त्याच घरची दासी जनाबाई. तिच्या अभंगांत विठ्ठल येतो तो दळू लागण्यास, कांडू लागण्यास, शेण्या वेचू लागण्यास. एकाच घरात धन्याच्या मुलाकडे देव जेवावयास येतो आणि दासीकडे कामास येतो. भक्तीच्या दृष्टीने दोन्ही कथा सारख्या मानल्या जातात. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्यांत महदंतर आहे. रांधणारीचे कौतुक करावयाचे असेल तर तिच्या हातचे जेवणे पुरेसे आहे. तिला आनंद व्हावा असे वाटत असेल तर जात्याच्या दुसऱ्या खुंट्याला हात घालावा लागतो. जनाबाईने आपल्या देवाकडून जी अपेक्षा केली ती मराठी घराने आपल्या पुरुषाकडून क्वचितच केली.

बहिणाबाई चौधरी यांची कविता या दृष्टीने पुन्हा वाचावयास हवी. १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली, तोपर्यंत बहिणाबाई निवर्तल्या होत्या. शेतात राबून घरी येणारी, जाते आणि चूल सांभाळणारी ही कवयित्री. तिने संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा दिली आणि भाकरी मिळण्यापूर्वी हाताला बसणाऱ्या चटक्याची आठवण ठेवली. ही ओळ शाळेपासून पाठ असल्याने तिचे सुभाषित झाले आहे आणि सहनशीलतेचा उपदेश म्हणून ती सांगितली जाते. मूळ कवितेत उपदेशापेक्षा अनुभवाची नोंद अधिक आहे. चटका आणि भाकरी या दोन्ही गोष्टी एकाच हाताच्या आहेत. एकीने दुसरी खोटी ठरत नाही. अन्नपूर्णेचे स्तोत्र गाणाऱ्यांनी चटका गाळला, करुण कहाणी लिहिणाऱ्यांनी भाकरी गाळली. बहिणाबाईंनी दोन्ही ठेवल्या, म्हणून त्यांचा साक्षीपुरावा आम्ही अधिक मानतो.

भावनेच्या प्रांतातून क्षणभर आकड्यांकडे वळू. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये भारतीयांच्या वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरच्या माणसांसाठी विनावेतन घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसास सरासरी २९९ मिनिटे आणि तसे काम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात, असे तीत आढळले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ असे आले. यांत स्वयंपाकाबरोबर झाडलोट, धुणे इत्यादी कामेही आहेत, हे खरे. तरी दोन पाहण्यांमधल्या पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली आणि पुरुषांची वाढली नाहीत, उलट नऊ कमी झाली, हे सहज दिसते. ओझे हलके झाले असेल तर ते दुसऱ्याने उचलले म्हणून झालेले नाही. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्सचाइल्ड यांनी १९८९ मध्ये नोकरीनंतरच्या घरकामास 'दुसरी पाळी' म्हटले. गिरणीच्या भोंग्यावर वाढलेल्या मुंबईला या शब्दाचे स्पष्टीकरण लागू नये.

या परिस्थितीत रांधण्यातील आनंदाची भाषा सावधपणे वापरणे प्राप्त आहे. त्यासाठी आम्ही एक साधी कसोटी सुचवितो. पुष्कळ घरांत रविवारी पुरुष मोठ्या हौसेने मटण रांधतो. ते उत्तम होते, त्याची वाखाणणी होते आणि ती बहुधा रास्तच असते. या रांधण्यास आपण छंद म्हणतो. सोमवारी संध्याकाळी त्याच ओट्यापाशी त्याची पत्नी उभी असते, तेव्हा तिच्या रांधण्यास आपण छंद म्हणत नाही. आणि तिने कंटाळा व्यक्त केला तर मात्र आपणास आश्चर्य वाटते. भेद कौशल्याचा नाही. रविवारचा रांधणारा न रांधण्यास मोकळा होता. ज्यास 'आज नको' असे म्हणता येते आणि तसे म्हटल्याने घरात कोणी उपाशी किंवा नाराज राहत नाही, त्याचेच 'आज मी करतो' हे वाक्य आनंदाचे असते. रांधण्याच्या सुखाविषयीचे कोणतेही लेखन सोमवारच्या या कसोटीस लावून पाहावे.

६

'स्वयंपाक' हा आपला शब्द या ठिकाणी विचारात घेण्याजोगा आहे. स्वतः केलेला पाक, असा त्याचा सरळ अर्थ. जेवण करण्याच्या रोजच्या क्रियेच्या नावातच 'स्वयं' यावा, हे भाग्यच म्हणावयाचे. वर सांगितलेला निर्णयाचा आणि पूर्णतेचा आनंद त्या एका पदात सामावू शकतो. परंतु या 'स्वयं'चा दुसराही इतिहास आहे. दुसऱ्याच्या हातचे चालत नाही म्हणून स्वतः शिजवावयाचे, हा सोवळ्याचा अर्थ त्यात आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त वडिलांच्या सोवळ्याने घरच्या अन्नपाण्याची जी तऱ्हा केली तिचे वर्णन आहे, आणि पुढे स्वतः लक्ष्मीबाईंच्या मनातून जातीचे बंधन कसे गळून पडले तेही आहे. 'स्वयं' हे पद कोणास मोकळे करते आणि कोणास दाराबाहेर ठेवते, हे दोन्ही त्या एका आत्मचरित्रात दिसते.

दाराबाहेर ठेवलेल्यांचा स्वयंपाक मराठी पाकग्रंथांत दीर्घकाळ आला नाही. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ मध्ये निघाले, आणि मराठवाड्यातील महार-मांग समाजांची खाद्यसंस्कृती पाककृतींसह आणि त्यांमागील सामाजिक वास्तवासह प्रथमच अशी ग्रंथरूप झाली. रूढ वचनातील 'पूर्णब्रह्म' या शब्दाच्या आरंभी लावलेल्या एका 'अ'ने या पुस्तकाने जे केले ते टीकालेखांस साधले नसते. वर मानलेला 'अंदाज' आणि 'चवीप्रमाणे' यांचे स्वातंत्र्य घरात जिन्नस असण्यावर अवलंबून असते, याची जाणीव हे पुस्तक देते. जे मिळेल ते, मिळेल तेव्हा शिजवावयाचे, मांस वाळवून त्याच्या चान्या करून ठेवावयाच्या, तेला-तुपावाचून चव आणावयाची, हेही पाककौशल्यच होय. त्याच्या शाळेचे नाव टंचाई होते. या हातांनाही चव होती. तिची दखल घेण्यास मराठी पाकवाङ्मयास 'सूपशास्त्रा'नंतर १४० वर्षे लागली.

रांधण्याच्या श्रमास मोल मिळाले तर आनंद नाहीसा होतो काय, असाही एक प्रश्न आहे. मुंबईच्या गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले. सावकारी कर्जातून या स्त्रियांची सुटका करून त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देणे हे त्याचे पहिले काम होते. अन्नपूर्णा हे देवतेचे नाव येथे प्रथमच हिशेबाच्या वहीवर आले. रांधणाऱ्या स्त्रीची स्तुती न करता तिला तिचा वेळ, तिचे मोल आणि तिची पत देणे, हा त्या नावाचा अधिक प्रामाणिक अर्थ होय. हक्क मिळाल्याने आनंदास बाध येत नाही. हक्क नसेल तर त्या आनंदाची खात्री कोणास देता येत नाही, एवढेच.

एवंच, संध्याकाळच्या स्वयंपाकातील सुख ही कल्पित गोष्ट नाही. पुरे होणारे काम, स्वतःचा निर्णय आणि पदार्थावर उमटणारी हाताची ओळख या तीन गोष्टींत त्याचे मूळ आहे. आपल्या रसविचाराने ते पाहिले नाही. घरगुती मराठीने ते नेमक्या शब्दांत जपले. आणि न रांधण्याची मोकळीक असल्यावाचून त्याविषयी बोलणे म्हणजे दुसऱ्याच्या श्रमांवर आपल्या समाधानाचा शिक्का मारणे होय.

यातून अभ्यासाची एक दिशाही निघते. अनेक मराठी घरांत पाककृतींची एक हस्तलिखित वही असते. तिच्यात पदार्थाच्या नावापुढे तो ज्या व्यक्तीकडून शिकला तिचे नाव असते, समासात नंतर केलेल्या दुरुस्त्या असतात, माणसांच्या संख्येबरोबर बदललेली प्रमाणे असतात, क्वचित वाण्याची यादी आणि दूधवाल्याचा हिशेबही असतो. कर्त्याचे नाव सांगणारा आणि त्याचा 'अंदाज' लेखी नोंदविणारा असा दुसरा साधनग्रंथ आपणांजवळ नाही. घर बदलताना, माणूस गेल्यावर, या वह्या रद्दीत जातात. पोथ्यांचे आणि बखरींचे संकलन करणाऱ्या मराठीच्या विद्यापीठीय विभागांनी या वह्यांच्या प्रती मिळविण्याचे आणि त्यांची सूची करण्याचे काम हाती घ्यावे. भरताच्या दृष्टांतातील रिकामी जागा कोणत्या नावांनी भरावयाची, ते त्या वह्यांतूनच कळण्यासारखे आहे.